तांब्याभर पाणी

माय, तू गेल्यापासून या घरात मला रागावणारं कुणी राहिलं नाही. म्हणून तुला सांगावंसं वाटलं, आज दिवसभर एक यंत्र माझ्यावर खेकसत होतं.

मी आता गावाकडून, पिंगळीतूनच नोकरी करते. तुझ्या ओट्याशेजारी टेबल टाकलंय, त्यावर लॅपटॉप. आमचा सी भाषेतला कोड कुठल्याही मशीनवर चालला पाहिजे, म्हणून त्याच्या चाचण्या लिहिलेल्या आहेत. आज त्या कंपायलरला, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या यंत्राला, दिल्या तर इशाऱ्यांची ही रांग लागली. छापायला आकडा मोठा दिलाय, आणि खूण लिहिलीय लहान आकड्याची. माझ्या मशीनवर सगळं नीट दिसतं, पण मशीन बदललं की आकड्याचं मापही बदलतं आणि तिथं भलतंच छापलं जातं.

हे वाचलं आणि तूच आठवलीस. पुण्यात नवी होते, तुला फोनवर विचारून खिचडी टाकली होती. दोन मुठी तांदूळ, तांब्याभर पाणी, असं तू सांगितलंस आणि मी तसंच केलं. पेज झाली. तू म्हणालीस, "अगं, माझा तांब्या केवढा, तुझा केवढा? भांडं बघून पाणी घालावं माणसानं. एवढं कसं कळंना तुला?" मग तुझं सुरूच. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, उपाशी झोपू नको. मी फोन स्पीकरवर ठेवून ती पेज खात बसले होते, आणि तू आपली बोलायलीस.

दुपारी पुण्याहून सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, चाचण्या पास होतायत ना? मग इशारे बंदच करून टाका, एका शब्दाचं काम आहे." मला लय राग आला. एवढा का आला, ते मलाही कळेना. "न्हाई," म्हटलं, "एकेक बघून काढते." त्याच्याशी बोलताना कधी न्हाई म्हणत नाही मी, पण आज तोंडातून तेच निघालं.

मग एकेक ओळ घेतली. कुठं खूण बदलली, कुठं आकडाच आधी ठरल्या मापाचा करून घेतला. संध्याकाळी शेवटचा इशारा गेला. पुन्हा चालवून बघितलं तर स्क्रीनवर एक अक्षर नाही. सहकाऱ्यानं अंगठा पाठवला. स्टेशनात गाडी थांबली, निघून गेली, आणि मग घरात कसलाच आवाज राहिला नाही. मला एकटं वाटायलंय माय, लय एकटं. फोनवर कुणी विचारलं तर मी बरी हाय म्हणते आणि समोरचा ते खरं धरतो. तू धरलं नसतंस.

कामाची फाईल मी नीट करून पाठवलीय, त्याची काळजी नको. हे पत्र मात्र कुठं पाठवणार? तुला म्हणून सांगते, नंतर माझ्याकडच्या फायलीत एक ओळ मी मुद्दाम पुन्हा चुकीची केली आणि कंपायलर चालवला. तो लगेच ओरडला. ती ओळ अजून तशीच ठेवलीय.