गेटाजवळच्या कुंड्या

१२ जानेवारी
पिवळी जास्वंद गेली. कुंडीसकट! सडा टाकायला गेले तर गेटाजवळ नुसता गोल ओला डाग. परवा शेवंती, आज ही. हे पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, "झाडच गेलंय, सोनं न्हाय." ह्यांना काय, पाणी मी घालते.

१३ जाने.
मोती भुंकला न्हाय. म्हंजे रोजचं माणूस. मोती कुणावर भुंकत न्हाय? समोरच्या काशाक्कावर. वीस वर्षं चहाला येते बिचारी. छे, असं लिहू नये. पण लिहिलं.

१५ जाने.
संक्रांत. काशाक्काला तिळगूळ दिला. जास्वंदीच्या जागेकडं बघून म्हणते, "जाऊ दे गं, कीड लागलीतीच तिला." एवढं बारीक बघून ठेवलंय?
आणि बाईचा हात सराईत हाय. मागून आणलेली फांदी लागत न्हाय, चोरून आणलेली जोमानं धरते, असं तीच म्हणते. मे महिन्यात काकतीला लग्नाला गेलतो, तिथं कार्यालयाच्या कुंपणातनं मधुमालती तिनंच मोडली. मी पदर आडवा धरलता. हसून हसून पोट दुखलं तवा. आता हसू येत न्हाय.

१८ जाने.
ब्रह्मकमळ गेलं. आईनं बोरगावहून पान आणून स्वतः लावून दिलतं. आई गेली, तेवढं राहिलतं. दिवसभर रडले. मेल्यांनो, हात झडतील.

१९ जाने.
काशाक्काकडं हळदीकुंकू. वाण घेतलं आणि "हात धुते" म्हणून थेट परसात. तीन कुंड्या, ताजी माती. वाकून बघतेय तर ती मागं.
"काय हुडकाय लागलीयास गं?"
"माझं ब्रह्मकमळ."
आतल्या बायका दारात आल्या.
"मी चोर व्हय? माझ्याच घरात येऊन?"
"मग काकतीला कोण होतं?"
"आणि पदर कुणाचा होता?"
वाण तिथंच ठेवून आले. कुंड्यांत कोथिंबीर उगवाय लागलीती. पण ते मला घरी आल्यावर ध्यानात आलं.

२४ जाने.
पाच दिवस चहा एकटीनं. हे म्हणतात, "होगली बिडु, सोडून दे, जा बोल." जाणार न्हाय. फांदी मोडणारी कुंडीबी उचलंल.

३० जाने.
मोगरा गेला. भर दुपारी! मी मागं भांडी घासत होते. आणि काशाक्काच्या दाराला सोमवारपासनं कुलूप, लेकीच्या बाळंतपणाला बेळगावात हाय ती.
म्हंजे ती न्हवती. कधीच न्हवती.
मग कोण? दूधवाला? मीटरवाला? शेवटी ह्यांच्याकडंबी संशयानं बघून झालं. चोर जाऊ दे खड्ड्यात, मी काय करून बसले! दोनदा फोन लावला. उचलला न्हाय.

४ फेब्रु.
काशाक्का आली. मी केस नीट केले, काय बोलायचं ते पाठ केलं, गेले. ती पायऱ्यांवरच्या झाडांना पाणी घालत होती. मला बघून झारी खाली ठेवली आणि एकेक कुंडी उचलून आत न्यायला लागली. माझ्यासमोर. चार नेल्या. पाचवी जड, तिला उचलेना.
"आक्का, मी धरू का?"
कुंडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. धर म्हणाली न्हाय, जा पण म्हणाली न्हाय. मी तिच्या गेटाबाहेरच.