नावाड्याचा मुलगा येत नाही!

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. (रीत म्हणून देतोय. थोरला असल्याने मागे घेता येत नाहीत.) तुझी तब्येत ठणठणीत असेलच, दुसऱ्याची झोप उडवणाऱ्यांची असते. इकडे क्षेम नाही.

बाबा गेल्यापासून आईला गोष्ट ऐकल्याशिवाय झोप लागत नाही, हे मान्य. आधी बाबा वाचायचे, आता तू परगावी बसून रोज नऊला फोनवरून वाचतेस, ती फोन उशाशी ठेवून ऐकते, हेही कौतुकाचं. पण तू वाचतेस ते पुस्तकात नाही! छापखान्यात एकवीस वर्षं मुद्रितं तपासतोय मी. परवा दाराआड बाबांचंच पुस्तक धरून तुझं वाचन ताडून पाहिलं. त्या नावाड्याच्या गोष्टीत मुलगा नदीपार नोकरीला जातो, म्हातारा वाट बघत मरतो, मुलगा येत नाही. शंभर वर्षं येत नाहीये. तुझ्या तोंडून मात्र आला! बायको घेऊन आला, दोन मुली घेऊन आला (धाकटीला सर्दी), आणि म्हातारा उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला गेला. लेखकाने जीव ओतून लिहिलं, आणि तू खुशाल तिखटमीठ लावतेस? साहित्य म्हणजे काय घरची आमटी आहे?

आईने ही आनंदाची बातमी शेजारच्या बाईंना सांगितली. बाई निवृत्त शिक्षिका. ती गोष्ट त्यांनी जन्मभर वर्गात शिकवलेली. त्या म्हणाल्या, मुलगा येत नाही. आई म्हणाली, येतो, माझ्या लेकीने वाचलंय. हमरीतुमरी झाली, दोघींचं संध्याकाळचं फिरणं बंद पडलं आणि निवाड्याला मला बोलावलं. मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून आई माझ्यापुढे चहासुद्धा न बोलता आदळते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

म्हणून काल तुझा फोन यायच्या आत मी आईचा फोन बंद करून ठेवला आणि स्वतः वाचायला बसलो. जसंच्या तसं. आता, आमच्या कामात एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून बघायचं असतं, तेव्हा विरामचिन्हंही बोलावी लागतात. ती सवय हाडीमासी खिळलेली. त्यामुळे शेवट असा वाचला गेला : म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं स्वल्पविराम आणि डोळे मिटले पूर्णविराम. आई ताडकन उठून बसली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. तिने चष्मा लावला, पान जवळ ओढून बघितलं आणि म्हणाली, "छापताना चूक झाली असेल रे. तुझं कामच आहे ना ते? दुरुस्त कर." मग रात्रभर टक्क जागी. मीही. इतकी लाज मला कुठल्याच चुकीची वाटली नव्हती, आणि ही तर चूकही नव्हती.

तेव्हा तुझी ही ढवळाढवळ आजपासून बंद. मूळ लेखनाला हात लावायचा नाही, काना नाही, मात्रा नाही. एवढं निक्षून सांगण्यासाठीच हे पत्र.

तुझा,
संतापलेला दादा

ता. क. : नऊला फोन कर. तीच गोष्ट वाच. मुलाला आण.

ता. क. २ : सून आणि मुलीही येऊ देत. मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने तशी दुरुस्ती केली आहे, बाईंनाही दाखवली (त्यांनी ती दोनदा वाचली, मग म्हणाल्या, असंही चालेल). पण माझ्या तोंडून आईला पटत नाही.

ता. क. ३ : तू इकडे फिरकली नाहीस त्या तीन वर्षांत, तू कधी येणार, हे आईने मला एकदाही विचारलेलं नाही. आज सकाळीही नावाड्याच्या मुलाचंच विचारलं. रजेचा अर्ज टाक.