एकतीस जूनची खूण

मलकापूर,
१० फेब्रुवारी १९६४

प्रिय कौशल्या,

प्रभूच्या नावाने तुला आणि माणिकरावांना सलाम. तू एस.टी.तून पाठवलेलं पार्सल शुक्रवारी मिळालं. मोसंबी चोवीस, त्यातली दोन दबलेली. हातमागाचा टॉवेल एक. शेवयांचा डबा, वजनी सव्वा किलो. हमाली पंचवीस नये पैसे, ती मी दिली. बाकीच्या किमती तू लिहिल्या नाहीस, म्हणून बाजारात विचारून मीच मांडल्या. सगळं मिळून सात रुपये वीस नये पैसे होतात. तुझा हात पहिल्यापासून सैल, आणि त्या सैल हाताचं सगळ्यांना कौतुक. माझा हात आवळ, म्हणून मला ‘चिक्कूबाई’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्या माझ्याच हातचा चहा पिऊन जातात.

तुझं पत्र डब्यात शेवयांवर ठेवलेलं होतं. तीनदा वाचलं. तुझ्या पोटात गाठ आहे, जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात ऑपरेशन करून काढलीच पाहिजे, दोन महिन्यांच्या वर थांबू नका, आणि तू त्यांना नाही म्हणून सांगून आलीस. कारणही लिहिलंस. ‘अलीबाई, तुमी माह्यासाठी प्रार्थना करून राह्यल्या तं मले सुरीची काय गरज?’ या एका ओळीला उत्तर द्यायला मी बसले आहे. पण उत्तर एकदम लिहवत नाही. आधी दुसरं लिहिते, मग तिथं येते.

इकडचं म्हणशील तर कापसाचे दिवस आहेत. जिनाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, आणि ह्यांना मालधक्क्यावरून घरी यायला उशीर होतो. पाळकसाहेबांनी नवी सायकल घेतली. आपल्या भगिनी मंडळात आता पंधरा जणी आहेत, पण गाण्याला सूर लागत नाही. ‘कौशल्याबाई असत्या तं!’ हे वाक्य दर शुक्रवारी एकदा तरी होतंच. मी चिटणीस. सभेच्या वृत्तांतात मी ते लिहीत नाही.

तू सोनाळ्याहून आलीस ते मला चांगलं आठवतं. संग्रामपूरच्या बाजारात माणिकरावांनी सुवार्ता ऐकली, दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि सासऱ्यांनी तुम्हाला उंबऱ्याबाहेर काढलं. अंगावरच्या लुगड्यानिशी आलीस, कडेवर लेक सिंधू. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून पाळकीणबाईंनी तुला माझ्या हवाली केलं. ‘अलीशिबाबाई मॅट्रिक आहेत, त्या शिकवतील.’ मला तेव्हा बरं वाटलं होतं. पाटीवर ‘क’ काढून दिला तर म्हणालीस, ‘हा तं इळ्यासारका दिसते वो बाई.’ मी हसले नाही, पण घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. आठ महिन्यांत तू शुभवर्तमान अडखळत का होईना वाचायला लागलीस. शिकवलं मी, आणि मंडळीत सगळे म्हणाले, काय हुशार आहे कौशल्या!

मग तुझी ती पहिली प्रार्थना. पाळकीणबाईंनी तुला उभं केलं. तू डोळे घट्ट मिटलेस आणि म्हणालीस, ‘देवा, मले काई येत नाई. या बाई शिकोतात तेवढं येते. मांगणं कसं मांगाव तेही मालूम नाई. तूच पाह्य, तुले कसं जमते तं.’ एवढंच. सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी नाही लावला. माझं लक्ष तुझ्या अशुद्ध बोलण्याकडे होतं. त्या दिवशी हे जेवताना म्हणाले, ‘माणसाशी बोलावं तशी देवाशी बोलते ती. ऐकत राहावंसं वाटतं.’ लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं रोज जेवणाआधीची प्रार्थना मी म्हणत आले, आणि तेवढ्यात ह्यांचा हात भाकरीकडे गेलेला असायचा.

कौशल्या, मी जन्माची ख्रिस्ती. दुष्काळात आजीनं मिशनच्या दारात देव ओळखला, तिथपासून आमचं घर त्याचं. बोर्डिंगात शास्त्राच्या परीक्षेत माझा पहिला नंबर ठरलेला. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड मी धुते, खळ मी घालते, मंडळीला द्यायचा दशांश एक महिना चुकलेला नाही. पण गुडघे टेकले की मला रॉकेलचा डबा आठवतो. दूधवाल्यानं किती पाणी घातलं ते आठवतं. डोळे मिटले की पुढच्या बाईच्या पोलक्याला किती कापड लागलं असेल ते दिसतं. आमेन म्हणताना कळतं की मधलं काहीच म्हटलेलं नाही. आणि शेजारी तू बसलेली असायचीस, गालावर पाणी, जणू कुणी तुझ्या समोर येऊन बसलंय. पाळकसाहेब उधळ्या पुत्रावर उपदेश करतात तेव्हा बाकीच्या मंडळीचा जीव सगळं उधळून घरी परतलेल्या धाकट्यासाठी तुटतो. मी मनात थोरल्याची वकिली करते. बिचारा दिवसभर शेतात राबून आला होता, आणि त्याला मेजवानीचं कुणी सांगितलंसुद्धा नाही.

म्हणून त्या चिठ्ठीचं मला इतकं लागलं. बासष्टच्या जानेवारीतला पहिला शुक्रवार. तुला आपली ती पद्धत नवीन होती, म्हणून सगळ्यांसमोर मीच समजावून सांगितली होती: प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी पाण्याच्या पितळी गडव्यात टाकायची, प्रत्येकीनं एक उचलायची, आणि जिचं नाव निघेल तिच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची. कुणाला सांगायचं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या सभेत उभं राहून नाव उघड करायचं. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. माझी मी उघडली, ‘कौ’ एवढंच दिसलं आणि मी ती मिटली. गडव्यात परत टाकावी असं वाटलं होतं. पण मंडळात सगळ्यांत वडील त्या अन्नपूर्णाबाई, माझ्याकडे बघत होत्या.

ऑगस्टात सिंधूला टायफॉइड झाला. तुमच्या खोलीत अकरा दिवस बायकांची रीघ होती. कुणी कढी आणली, कुणी डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. तू सगळ्यांना म्हणत होतीस म्हणे, ‘माही चिठ्ठीबहीण जागी हाय. थे माह्या पोरीले जाऊ द्याची नाई.’ बाराव्या दिवशी ताप उतरला.

आणि मग डिसेंबरची ती सभा. नावं उघड व्हायच्या आधीच तू उभी राहिलीस. ‘कोन हाय थे मले मालूम नाई, पन तिनं माह्या सिंधूले हाताले धरून उठवलं. तिचे पाय मले पाह्यचे हायत.’ सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मग मी उठले. तू धावत येऊन माझ्या गळ्यात पडलीस आणि माझं पोलकं तुझ्या रडण्यानं ओलं झालं. अन्नपूर्णाबाईंना माझी शिस्त माहीत. त्या म्हणाल्या, ‘अलीशिबा, तुवं रोजचं टिपण असते ना वो? दाखव या पोरींले, प्रार्थना कशी नेमानं कराव लागते तं.’ वही माझ्या पिशवीतच होती. तारखांपुढे समासात ‘प्रा.’ अशी खूण, पानामागून पान. वही सगळ्यांच्या हातून फिरली. कुणी म्हणाली, ‘बाप्पा! एक दिवस खाडा नाई!’ अन्नपूर्णाबाईंनी चष्मा सारखा केला आणि एका पानावर बोट थांबवलं. ‘जूनले एकतीस दिवस कव्हापासून झाले वो?’ मी वही परत घ्यायला हात पुढे केला. आणि तू, कौशल्या, तू हसून म्हणालीस, ‘पाहा, माह्यासाठी बाईनं एक दिवस उपर देल्ला!’ सगळ्या खळखळून हसल्या. चहा आला. त्या वर्षी पहिली बशी माझ्या हातात दिली गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत तुझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

त्यानंतर मंडळात मला मान आला. नव्या पोरी म्हणतात, ‘अलीबाईसारखी प्रार्थना करता आली पाह्यजे.’ गेल्या जूनमध्ये माणिकरावांना जालन्याला नोकरी लागली आणि तू जायला निघालीस, तेव्हा मला एका बाजूनं हायसं वाटलं. वाटलं, ते वहीचं प्रकरण आता तुझ्याबरोबर गेलं.

काल उपासनेनंतर तुझं पत्र घेऊन मी अन्नपूर्णाबाईंकडे गेले. दिवाळीपासून त्या अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना दिसतही नाही. पत्र वाचून दाखवलं आणि वहीचं बोलायला लागले. तर म्हणाल्या, ‘थे एकतीस तारीख मी तव्हाच पाह्यली होती. म्या म्हटलं, आज नाई उद्या, अलीशिबा सोताच येईन. एक वरीस झालं, आली नाई. आता मले काऊन सांगतं? तिले लिही. तिचा जीव हाय.’

तर आता लिहिते. त्या खुणा प्रार्थनेच्या नव्हत्या. तुझी चिठ्ठी निघाल्यावर मी नऊ दिवस प्रार्थना केली, आणि तीही अशी: ‘प्रभू, कौशल्येला नम्र कर.’ दहाव्या दिवशी तेही सुटलं. तुझ्या नावापाशी आले की मी आमेन म्हणून उठायची. पण वही कोरी दिसली तर मला चैन पडत नाही. म्हणून महिना लागला की तारखा घालतानाच मी समासात सगळ्या खुणा करून टाकायची, पगाराच्या दिवशी वाण्याचं चुकतं करावं तशी. एप्रिल सांभाळला. जूनला चुकले. सिंधू आजारी होती तेव्हा सगळ्या आल्या, मी आले नाही. साबुदाण्याची पेज शेजारणीच्या हाती पाठवली. आठव्या दिवशी कुणीतरी सांगितलं की पोरगी आता काही वाचत नाही, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी मनात म्हणाले, ‘आता पाहू, हिचं देव कसं ऐकतो ते.’ सिंधू चार वर्षांची होती. हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

सिंधूला देवानंच उठवलं, यात मला शंका नाही. पण माझ्याकडून नाही, कौशल्या. माझ्या बाजूनं त्याला एक शब्दसुद्धा मिळाला नव्हता. तो म्हातारा कंपाउंडर रोज दोन वेळा सायकलवरून येऊन तिला सुई द्यायचा, आठवतो ना? देवानं त्या सुईला नाही म्हटलं नाही. मग डॉक्टरीणबाईंना नाही म्हणणारी तू कोण? माझ्या प्रार्थनेवर भिस्त ठेवून तू गाठ पोटात घेऊन बसली आहेस, आणि त्या गडव्याला बूडच नाही. कालपासून तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे. मधे रॉकेल आठवतंच, पण परत तुझ्या नावावर येते. ही प्रार्थना तू ऑपरेशन करून घ्यावंस एवढीच आहे. तिच्या जोरावर घरी थांबू नकोस. येत्या शुक्रवारच्या सभेत हे सगळं मी उभी राहून सांगणार आहे. मग त्या पुन्हा ‘कौशल्याबाई असत्या तं’ म्हणतील, आणि ते मला पुन्हा लागेल. तुला मी ओळखते. तू हे पत्र वाचून रडशील आणि त्याच घटकेला मला माफ करून टाकशील, विचारसुद्धा न करता, आणि मला त्याचाही हेवा वाटेल. त्याबद्दल आत्ता काही लिहू नकोस. डॉक्टरीणबाईंकडे जा, हो म्हण, आणि त्यांनी दिलेली तारीख तेवढी उलट टपाली कळव. बुलढाणा, चिखलीवरून एस.टी.नं मी आदल्या दिवशी येऊन पोचते. सिंधूला आणि घराला कोण बघणार याची काळजी करू नकोस. माफीचं पत्र नाही आलं तरी चालेल, तारखेचं आलं पाहिजे.

तुझीच, जशी आहे तशी,
अलीशिबा