दुसरा नंबर कसा आला

कोइमतूर, शुक्रवार

अंजनाताई,

तुझ्या भागवतचा आष्टीतल्या सगळ्यांना नमस्कार. मी बरा हाय. दोन टाइम जेवण मिळतंय, भात मात्र लई.

फोनवर बोललो असतो, पण आई तुझ्या शेजारीच बसती, म्हणून लिहितोय. वाचून चिठ्ठी चुलीत घाल.

यंदा पुण्याच्या मोटरसायकल शर्यतीत गाडी घसरली, बेंगळुरात इंजन बंद पडलं. गेल्या रविवारी इथं दुसरा आलो, ते आईला सांगितलंय. कसा आलो, ते न्हाई सांगितलं.

मातीच्या उंचवट्यावरून माझी गाडी हवेत उडाली, तवा माझ्या पुढं पळणारा जोसेफ खाली पडलेला दिसला. हवेत ब्रेक लागत न्हाई, ताई. चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर टेकलं. मी मागं न बघता गाडी पळवतच राहिलो.

संध्याकाळी जोसेफच हात गळ्यात बांधून माझ्याकडं आला. मोडक्या हिंदीत म्हणला, "भागवतभाई, तू चुकवलंस म्हणून वाचलो." मी काहीच चुकवलं नव्हतं. माझं तोंड वर होईना.

तवापासून सरावात उंचवटा आला की डोळे आपोआप मिटत्यात.

परवाच्या न्हाई, त्याच्या पुढच्या रविवारी शेवटची शर्यत हाय. उतरणार हाय. टीमला नको म्हणायची हिंमत झाली न्हाई.

शेळी व्याली का? अण्णांचा गुडघा कसा हाय?

त्या रविवारी चारनंतर फोन जवळ ठेव. आईच्या आधी तुलाच करीन. माझ्या फोनवरून दुसरं कुणी बोललं, तर आईपासून जरा लांब जाऊन ऐक.

तुझा धाकटा,
भागवत