आबांच्या कानाचं यंत्र

जळगाव,
रविवार, १५ एप्रिल १९९०

प्रिय अभिमन आणि प्रमिला,

बहिऱ्या बापाशी बोलता बोलता ज्यांचे घसे बसले, 'आबा, चहा घ्या' म्हणताना ज्यांच्या आवाजानं अर्धी गल्ली चहाला उठली, डॉक्टरांसमोर 'आबा, पोट साफ होतं का?' हे ज्यांना भर दवाखान्यात चार वेळा ओरडून विचारावं लागलं, त्या माझ्या पीडित बंधुभगिनींनो! सुरुवात सभेसारखी झाली खरी. मला दुसरी येत नाही. पण काल दुपारपासून तुमच्या या अक्काला चार वाक्यं सलग बोलता आलेली नाहीत. शाळेतल्या पोरी ऐकतील तर पेढे वाटतील. तुम्हीही हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

काल मी आबांचं यंत्र परत करायला गेले होते.

फेब्रुवारीत आपण तिघांनी मिळून ते घेतलं, तेव्हा किती कौतुक होतं! काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिची वायर, वायरीच्या टोकाला कानात बसणारं बोंडूक. चाळीस वर्षं डाळ मिलच्या चक्क्यांशेजारी उभं राहून आबांचे कान गेले आणि आपण त्यांना ते एका डबीत घालून परत देतोय, असं काहीतरी मी तेव्हा बोललेसुद्धा. पहिल्या दिवशी आबा चुलीपाशी येऊन बसले. मी भाकरी थापत होते. थप थप ऐकून लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "तुनी मायना हातना आवाज असाच व्हता." पंधरा दिवस बंडीच्या खिशात डबी आणि कानात वायर. आणि मग होळीच्या आदल्या दिवशी त्यांनी ते काढलं. "नुसती खरखर करस. परत करी टाक," म्हणाले. झालं. पुन्हा हात लावला नाही.

मला संताप आला तो दुकानदाराचा. पण मार्च महिना माझा कसा जातो तुम्हाला ठाऊक आहे. ग्राहक दिन, एरंडोलची सभा, शाळेच्या परीक्षा. 'फसवणूक मुकाट्यानं सोसणारा हा फसवणाऱ्याचा भागीदार असतो', हे वाक्य मी त्या महिन्यात नऊ ठिकाणी टाळ्या घेऊन म्हटलं आणि घरातलं बिघडलेलं यंत्र फडताळात तसंच पडून राहिलं. आबा मात्र दर चार दिवसांनी हातानं खूण करून विचारायचे, दिलं का परत? मला वाटायचं, म्हाताऱ्याला पैशांची काळजी.

काल शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर गेले. दुकान बाजारात, दुपारची गर्दी. जीवराम शेठ घड्याळ उघडून बसलेले. मी पायरी चढतानाच सुरुवात केली. कायदा होऊन चार वर्षं झाली शेठ, आता 'एकदा विकलेला माल परत घेणार नाही' ही पाटी काढून बंबात घाला. एका म्हाताऱ्या कामगाराच्या कानांचा तुम्ही व्यापार केलात. चाळीस वर्षं ज्यानं या शहराची डाळ भरडली, त्याच्या हाती तुम्ही खरखर दिलीत. बोलता बोलता मागे माणसं जमली. दोन रिक्षावाले रिक्षा सोडून आले. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून उभी राहिली. मला खोटं बोलायचं नाही, मला ते आवडत होतं.

शेठनं हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. डोळ्याची भिंगनळी काढली, डबी उघडली, सेल बदलला आणि बोंडूक पुसून माझ्यासमोर धरलं. "ताई, तुम्हीच घालून बघा. खरखर आली तर सगळ्यांसमोर पैसे परत, आणि वर पेढा."

मी घातलं. अभिमन, मला आधी पंख्याचा आवाज आला. मग रस्त्यापलीकडे सायकलची घंटी. मग माझ्या पाठीमागे, दहा पावलांवरून, ते दोघे रिक्षावाले. एक म्हणाला, "हाई मास्तरीण घरमा बी इतलीच बोलस का रे?" दुसरा म्हणाला, "तिना बाप बहिरा शे म्हणे." पहिला म्हणाला, "व्हईच ना भो! इतलं ऐकीसन कोन बहिरा व्हनार नही?"

कानाशी बसून कुजबुजल्यासारखं स्वच्छ. खरखर नाही, काही नाही. मी वळून पाहिलं तर दोघंही मोठ्या आदरानं माझ्याकडे बघत उभे. माणसं आपल्यामागे आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला कसं वाटतं, हे मला आयुष्यात प्रथम कळलं. राग आला नाही. फक्त ते बोंडूक लगेच कानातून काढावंसं वाटलं.



शेठनं विचारलं, "आबांनी कधी काढलं कानातून? काही पडलंबिडलं होतं का?" मी म्हटलं, होळीच्या आदल्या शनिवारी. आणि म्हणता म्हणता मला तो शनिवार दिसला. तुम्ही दोघं सकाळच्या गाडीनं धुळ्याहून आला होतात. जेवणं करून आपण ओट्यावर बसलो. आबा आपल्यातच, खांबाला टेकून, सुपात शेंगा फोडत होते. वायर त्यांच्या कानात होती. आपल्याला ती दिसत होती. पण आबांसमोर आबांबद्दल बोलायची आपली अकरा वर्षांची सवय! बहिऱ्यापुढे काय लपवायचं? त्यांच्यावरून हात लांबवून आपण एकमेकांना सुपारी दिली आणि बोलत राहिलो.

काय बोललो ते आठवतं तुम्हाला? मला सगळं आठवलं, त्या दुकानात, गर्दीच्या मधोमध. अभिमन, तू ताईआत्याच्या दहाव्याला पिंपळनेरला कोण कोण आलं होतं ते सांगत होतास. संक्रांतीनंतर आठ दिवसांत आत्या गेली, तेव्हा आबा छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होते. तेव्हा लपवलं ते ठीकच होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण मग ते घरी आले, हिंडू लागले, भाकरी खाऊ लागले, आणि आपण आज नको, उद्या सांगू, असं करत राहिलो. प्रमिला बिचारी म्हणाली, आता तरी सांगून टाकू या. तू म्हणालास, चितेवर माहेरचं लुगडं पडायला हवं म्हणून ऐनवेळी साक्रीला धावावं लागलं, मिळालं ते घेतलं, रंगसुद्धा पाहिला नाही. आणि मी, चौकाचौकात माणसाच्या जाणून घेण्याच्या हक्कावर बोलणारी मी, काय म्हणाले? मी म्हणाले, "सांगायचं कशाला? अखाजीला आत्या का आली नाही विचारलं तर म्हणू, लेकीकडे सुरतेला गेलीय. आबांना काय, वेळेवर भाकरी मिळाली की झालं."

आबा माझ्यापासून दीड हातावर होते.

पुढचं तुम्हीही पाहिलंत. आबा उठले. डबी काढून खिडकीत ठेवली. न्हाणीत गेले आणि अंगावरच्या धोतर-बंडीसकट डोक्यावर घागर ओतून घेतली. भर दुपारी. आपण धावलो. तू त्यांना रागावलास, मी टॉवेल घेऊन ओरडले, आबा, काय हे येड्यासारखं! आणि मग, देवा, आपण हसलो. म्हाताऱ्याला ऊन लागलं, म्हणून हसलो. दहा दिवस उलटल्यावर जवळच्या माणसाची बातमी कळली, तर कपड्यांसकट आंघोळ करायची, हे शिकवलं कुणी आपल्याला? आबांनीच. आजोळचे दादा गेल्याचं कार्ड उशिरा आलं, तेव्हा त्यांनीच आपल्याला विहिरीवर नेऊन तसंच भिजवलं होतं. आपल्यापैकी एकालाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. मी म्हटलं, दात. पाडव्यापासून दरवर्षी ते मागे लागतात, ताईबाईला आणायला मुराळी कोण जाणार? पासष्ट वर्षांच्या बहिणीला अक्षय्य तृतीयेला, अखाजीच्या झोक्यासाठी, माहेरी आणायला हा माणूस स्वतः धुळे, साक्री करत पिंपळनेरपर्यंत एस.टी.नं जायचा. पाय थकले तेव्हापासून तुला पाठवायचा. यंदा पाडवा होऊन वीस दिवस झाले, त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? बरं झालं, विसरले. सुरतेचं खोटं वाचलं!

शेठना मी काय म्हटलं ते आठवत नाही. पैसे मागितले नाहीत एवढं खरं. ते पिशवीत डबी घालून देत होते आणि मागची बाई विचारत होती, काय झालं ताई, घाबरल्या का? मी पायरी उतरले. रिक्षावाला म्हणाला, चला मॅडम, सोडतो. मी चालत आले.

गल्लीच्या तोंडाशी यशोदाबाई नळावर भेटली. अंगावर कोरं हिरवं लुगडं, लाल काठाचं. मी सहज विचारावं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आबानी दिन्हं ना होळीले. म्हने, मनी बहीनना नावनं नेस." मी घरात शिरून थेट ट्रंक उघडली. आत्याला अखाजीला नेसवायला आबा दरसाल संक्रांतीच्या बाजारात घेतात ते लुगडं तिथे नव्हतं. अभिमन, तू साक्रीला धावलास तेव्हा ते इथे घडी घालून पडलं होतं. माहेरचं खरं लुगडं. ते त्यांनी आपल्याला न सांगता तिच्या वयाच्या बाईला नेसवलं. सगळी गल्ली जाणते. आपण तेवढे बहिरे.

ओट्यावर आले तर आबा खांबाला टेकून बसलेले. हात हलवून विचारलं, दिलं का परत? मी मान हलवली, हो म्हणून. त्यांचा चेहरा असा सैल झाला, अभिमन, जणू आता आपल्याला लाजायचं कारण उरलं नाही. ते आपली अब्रू राखतायत रे. पाच आठवडे. आपण त्यांच्यापासून मरण लपवलं आणि ते आपल्यापासून आपला खोटेपणा लपवतायत. मी त्यांच्यासमोर बसले. दहा हजारांच्या सभेत न अडखळलेली बाई, एका माणसासमोर मुकी झाली.

म्हणून हे पत्र. मला सल्ला नको, 'अक्का, तू मनाला लावून घेतेस' हे उत्तर नको. अखाजी बारा दिवसांवर आहे. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं तुम्ही दोघं या. डबी माझ्या पिशवीत आहे, नवा सेल घातलाय. मी ती आबांच्या खिशात ठेवीन, वायर कानात लावीन आणि तुझ्याशेजारी बसेन. आत्याच्या चितेपाशी आपल्यातला तू एकटा होतास. ती कशी गेली, शेवटी कुणाचं नाव घेतलं, साक्रीच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हे त्यांना विचारायचं असेल, आणि ते तूच सांगू शकतोस. ये आणि त्यांच्यासमोर बसून म्हण, "आबा, आत्या गेली." ओरडू नकोस. हळू म्हण, त्यांना ऐकू येतं.

तुझीच,
सुनंदाअक्का