मौनात विकलेली म्हैस

गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी ओट्यावर मौन धरून बसलो होतो. मनातही शब्द येऊ द्यायचा नाही, असा गेले काही महिने प्रयत्न आहे. तेवढ्यात कडेगावचा म्हशींचा व्यापारी आला. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे त्याने भाव सांगायला टॉवेलखाली माझी बोटं दाबली. मीही दाबली. सौदा झाला, म्हैस गेली.

माझी बायको सुमन शेतातून आली ती रिकामा गोठा बघून कडाडली, "आवं, मौन हुतं न्हवं? मग म्हस इकली कशी?"

दिवस मावळल्यावर मौन सोडून मी तोंड उघडलं. "मनात एक शब्दबी नव्हता गं. बोटांनीच ठरवलं."

"डोकं बंद हुतं, तरीच इकलीसा!"

म्हैस तिने रेडकापासून वाढवलेली. मग तीन दिवस सुमन माझ्याशी बोलली नाही.

शब्दांवाचून विचार होतो का? बोटांनी केला तो विचार की नुसती सवय? कळत नाही. पण ताट आपटण्यावरून तिचा विचार मात्र मला पुरता कळत होता.

आज कडेगावला गेलो. व्यापाऱ्यासमोर, चारचौघांत, "चुकलो" म्हणालो. पैसे परत केले आणि म्हैस आणून गोठ्यात बांधली. वाटभर तिच्याशी बोलत आलो.