अंगाईचा उतरलेला सूर

प्रिय छोटे,

फोनवर तू कायम घाईत असतेस, म्हणून हे कागदावर. परवा स्टुडिओत तुझ्या छावणीतल्या दुष्काळासाठी, मदतनिधीच्या गाण्यात गाऊन आले. ‘तुझ्या’ म्हणते, कारण त्या खोलीतल्या कुणीच तो पाहिलेला नाही. आम्ही कोरसवाल्या नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला, आणि पुढे एकेक ओळ वाटून दिलेले सगळे गाजलेले गळे. वाटणीवरून जुंपली. ‘भूक’ हा शब्द असलेली ओळ कुणालाच नको; त्यावर आवाज खुलत नाही म्हणे. ‘आशा’ मात्र सगळ्यांना हवी होती.

कॉलेजात असताना तू ज्याचा फोटो कपाटाला चिकटवला होतास, तो तुझा कुरळ्या केसांचा गायक, गाण्यात भावना यावी म्हणून सकाळपासून उपाशी राहून आला होता. दुपार व्हायच्या आतच त्याचा पारा चढला, आणि सँडविच यायला उशीर झाला म्हणून त्याने मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “याला छावणीत नको गं पाठवू,” माझ्या शेजारची जाडी कुजबुजली, “तुझ्या डॉक्टरीण बहिणीलाच खाईल!” हसू दाबताना माझा सूर गेला, टेक वाया गेला. संगीतकार काचेपलीकडून ओरडला, “बायांनो, दुःखाचं गाणं आहे!”

मी यांना नावं ठेवते खरी. पण त्यांनी वाटलेला हाडकुळ्या पोराच्या चित्राचा टी-शर्ट माझ्याही अंगावर होता, आणि तो मला बरा दिसतो का, हे मी त्याच काचेत पाहून घेतलं. डायरीत हे लिहिलं तेव्हा स्वतःचीच किळस आली.

जेवणाच्या सुट्टीत मी जाडीला फोनवर ती अंगाई ऐकवत होते, तू रेकॉर्ड करून पाठवलेली, तुझ्या तंबूतली बाई बाळाला मांडीवर घेऊन गाते ती. संगीतकार कधी मागे येऊन उभा राहिला कळलंच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. ते पुसून झाल्यावर म्हणाला, “गाण्याची सुरुवात सापडली! फक्त शेवटी तिचा सूर उतरतोय, तो मशीनवर वर ओढू. मध्ये श्वास तुटतोय, तो जोडून घेऊ.” मी म्हटलं, “अहो, पोटात काही नाही म्हणून तुटतोय तो.” तर म्हणे, “ते लोकांना कळेलच, ताई. पण बेसूर कोण ऐकणार?” ज्याचा सूर जागेवर आणता आणता ते मशीन सकाळपासून दमलं होतं, तो कुरळा सँडविच चावत मान डोलवत होता.

तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते. पण संगीतकार पुढे जे बोलला ते खोटं नव्हतं. हा आवाज असला तर गाणं घरोघरी वाजेल, धान्याच्या जास्त गाड्या निघतील. आणि तुझ्याकडे गाड्या किती कमी झाल्यात, ते तूच सांगितलंस. माझ्या तिरस्काराने तिथे कुणाचं पोट भरणार आहे? भरल्या पोटी दुसऱ्याच्या वतीने ‘नको’ म्हणणं ही माझी चैनच नाही का?

म्हणून हे पत्र. गाणं त्या अंगाईसाठी थांबवून ठेवलंय, आणि उत्तर द्यायचा हक्क ना माझा, ना तुझा. तिच्याजवळ बस आणि तिला हे सगळं वाचून दाखव, कुरळ्याचं सँडविच न गाळता. आपला आवाज कुणाच्या पंक्तीला जाणार ते तिला कळू दे. ‘नको’ म्हणाली, तर माझ्या फोनमधून तो कायमचा पुसून टाकीन. ‘हो’ म्हणाली, तर मी त्या मशीनला खेटून उभी राहीन आणि तिचा श्वास तुटतो तिथे तुटूच देईन. मग पुन्हा मला कुणी कोरसला बोलावलं नाही तरी चालेल. पण आधी एवढं बघ, बाळ अजून तिच्या मांडीवर आहे ना? नसेल, तर तिला काहीच विचारू नकोस. संगीतकाराकडे मी बघून घेते.

तुझीच,
ताई